लिंडसे हॅडो आणि बुडाचा रंग

लिंडसे हॅडो जमिनीवर भेटला तर माणूस म्हणून त्याच्यात काही खोट काढता येणार नाही. आमच्या बॅरेट्स कोव्हच्या क्लबात चाळीस-बेचाळीस शिडाच्या बोटी आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या बोटींच्या बुडाला कधी ना कधी त्याचा हात लागलेला आहे. हिवाळ्यात बोटी पाण्याबाहेर ओढून लाकडी पाळण्यांवर ठेवल्या की हा खरवडणी आणि पॉलिशपेपर घेऊन कुणाच्याही बोटीखाली शिरतो. पैसे घेत नाही. फार तर माझ्याकडून एक स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्याचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री, खातो, तोही अर्धा कुत्र्याला देतो.

हाच माणूस पाण्यावर गेला की त्याच्या अंगात येतं. तीस वर्षं ह्युऑनकडच्या आरागिरणीत मोठ्या करवतीशेजारी काढलेली. तिथे कुणाला वेळ विचारायची तरी बोंब मारायला लागते. त्यात डावा कान गेलेला. सुकाणू हातात आलं की लिंडसे जो ओरडायला सुरुवात करायचा तो बोट बोयाला परत बांधेपर्यंत. मी क्लबच्या शर्यती सुरू करून देते, धक्क्याच्या टोकाला माझी लाकडी खोली आहे, तिथून मैलभर लांबची त्याची बोट 'क्वोल' मला दुर्बिणीशिवाय कळायची. कानानेच.

आणि एवढं ओरडून बोट पुढे जायची का? नाव नको. दर बुधवारी संध्याकाळी शर्यत, आणि दर बुधवारी दंतवैद्य आयव्हर मॅडॉक्स त्याच्या पुढे. मग लिंडसे यायचा, स्कॅलप पाय घ्यायचा आणि म्हणायचा, "डॉट, बुडाला काहीतरी चिकटलंय. पाणी धरतंय ते." नाचता येईना अंगण वाकडं, तसं याचं शर्यत जिंकता येईना, बूड खडबडीत. एक वर्ष त्याने, बुडाला शेवाळ धरू नये म्हणून देतात तो, तांब्याचा कडक रंग दिला आणि तो ओल्या पॉलिशपेपरने इतका घासला की त्यात तोंड दिसावं. दुसऱ्या वर्षी हळूहळू झिजणारा मऊ रंग. एकदा लोकरीतलं मेण, एकदा शिसपेन्सिलीची पूड. डोळे मिटून बुडावर तळवा फिरवायचा आणि पुटपुटायचा. त्याची बायको मेरल म्हणायची, माझ्या गालाला लग्नापासून एवढा वेळ मिळालेला नाही.

मेरल आणि मी सफरचंदांच्या वखारीत फळं निवडायच्या एकाच सरकत्या पट्ट्यावर वीस वर्षं काढली. सफरचंद हातात येताच ते पेटीत जायचं की रसाला, हे तिला डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळायचं. कमी बोलणारी बाई. नवऱ्याच्या बोटीवर पुढच्या शिडाची दोरी सांभाळायची, आणि त्याच्या आरडाओरड्याकडे करवतीच्या आवाजासारखं दुर्लक्ष करायची. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत.

त्या बुधवारी पिवळ्या बोयाला वळसा घालताना लिंडसे तिच्यावर "सोड! सोड! सोड म्हणतो ना, हात आहेत का लाकडं?" असं ओरडला. मेरलने दोरी सोडली. मग हातमोजे काढून नीट घडी करून ठेवले, बचावाची मोटरबोट जवळून चालली होती तिला हात केला, थर्मास उचलला आणि भर शर्यतीत एका बोटीतून दुसरीत पाय टाकून निघून आली. पोस्टापाशी बसमधून उतरावं तशी. माझ्या खोलीत येऊन तिने दोन कप चहा ओतला. एक मला दिला. त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आणि पुन्हा कधी 'क्वोल'वर चढली नाही.

घर त्यांचं व्यवस्थित चालू होतं, गैरसमज नको. जेवण, बाग, नातवंडं, सगळं. फक्त बोटीचा विषय निघाला की मेरल रेडिओ लावायची.

तेव्हापासून लिंडसेने चौदा सोबती वापरून संपवले. मी यादी ठेवलेली आहे. एक शाळामास्तर दोन हंगाम टिकला, पण तोही बहिरा होता. गेल्या वर्षी कुणीच नव्हतं, हा एकटाच जायचा, आणि स्वतःवरच ओरडायचा. मग जूनच्या सभेत ठराव आला: सत्तरीपुढच्या माणसाने शर्यतीत एकटं उतरायचं नाही. ठराव आयव्हरने मांडला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मागच्या हंगामात एक म्हातारा एकटा असताना पाण्यात पडला होता. मतं घेतली तेव्हा लिंडसेचाही हात वर होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, नियम बरोबर आहे म्हणून स्वतःच्याच विरुद्ध मत देऊन बसला. बाहेर येऊन मला म्हणाला, "सोबती मिळाला नाही तर या ऑक्टोबरात 'क्वोल' विकेन. नुसती बांधून ठेवलेली बोट बघवत नाही मला." आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, म्हणून मला ते खरं वाटलं.

माणूस शोधायचा सोडून या गृहस्थाने काय करावं? त्याने तीन फळ्या रंगवल्या. एकीला तांब्याचा कडक रंग, दुसरीला झिजणारा, तिसरीला नवीन आलेलं सिलिकॉन, ज्याला हात लावला तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं लागतं. तिन्ही फळ्या धक्क्याखाली तीन आठवडे पाण्यात टांगल्या. मग एका रविवारी मला वल्ह्यांच्या होडीत बसवलं आणि वल्हवायला लावलं. स्वतः मागे बसून एकेक फळी दोरीने ओढत आणायची आणि मध्ये मासे तोलायचा काटा लावून, पाणी तिला किती धरतं ते बघायचं. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, माझं वय अडुसष्ट, बुडाखालची फळी ओली. कुणाच्या बुडाची काळजी चाललीय इथे, असं मी त्याला विचारलंदेखील. तो काट्याकडे बघत होता.

मऊ रंग पहिल्या फेरीतच बाद झाला. तांबं आणि सिलिकॉन, दोन्हींवर शेवाळाचा पातळ थर आला होता. तांब्याची फळी फडक्याने पुसून काढावी लागली. सिलिकॉनची मी खाडी पार करेपर्यंत आपोआप स्वच्छ झाली, सगळा बुळबुळीत थर पाण्यातच गळून गेला. मग दोन्ही पुन्हा ओढल्या. काटा दोन्ही वेळा एकाच रेघेवर. चार वेळा बघितलं, चारही वेळा तेच.

"म्हणजे दोन्ही सारखे," मी म्हणाले. "मग तांब्याचाच दे. तुझ्या हातातला आहे, स्वस्त आहे, एकट्याने होतो."

"हं," लिंडसे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सिलिकॉनचे डबे घेऊन आला.

मला राग आला. हे सिलिकॉन म्हणजे नाकी नऊ आणणारं काम. आधीचा चाळीस वर्षांचा रंग मुळापासून खरवडायचा. वर दोन अस्तरं. दुसरं अस्तर पुरतं वाळायच्या आत, ठरावीक तासांत, वरचा थर लागलाच पाहिजे, नाहीतर तो धरत नाही. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने लगेच मागून ओल्यावरच ब्रश ओढायचा, आणि सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. शेजारच्या बोटीवर एक थेंब उडाला तर तिथे पुन्हा दुसरा रंग बसत नाही, म्हणून आयव्हरने चारी बाजूंनी ताडपत्री बांधायला लावली. एवढा खटाटोप, आणि काट्यावर फरक शून्य. मी त्याला म्हटलं, तुझ्या डोक्याला आरागिरणीतला भुसा लागलाय.

ऑगस्टभर तो बोटीखाली उताणा पडून खरवडत होता. मग दुसरं माणूस शोधायला निघाला. आयव्हरला विचारलं, त्याला त्या दिवशी कुणाचे तरी दात काढायचे होते. शाळामास्तराची कंबर. बाकीच्यांनाही त्या दिवशी काही ना काही निघालंच. बोटीखाली दोन तास लिंडसेच्या तोंडाशेजारी उभं राहायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी माझ्याकडे आला. हवामान कसं आहे, सप्टेंबरात ऊन किती पडेल, मेरलला हल्ली वेळ कसा असतो, तुझ्याशी काही बोलते का... ताकाला जाऊन भांडं लपवणं मी पुष्कळ पाहिलंय, पण हा तर म्हैसच लपवत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांब्याचा रंग एकट्याने होतो, म्हणूनच त्याला तो नको होता. तीन आठवडे फळ्या टांगून त्याने दोन माणसं लागतील असं काम शोधून काढलं होतं.

"मी विचारणार नाही तिला," मी म्हटलं. "मैलभर ऐकू जाईल असं ओरडता येतं, आणि टेबलापलीकडच्या बायकोला एक वाक्य बोलता येत नाही?"

तो निघून गेला. पुढचं मला मेरलकडून कळलं. सकाळी ओट्स खाताना त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, मला बोटीखाली दोन तास एक माणूस पाहिजे. मेरलचा हात रेडिओकडे गेला.

"सगळ्यांनी नाही म्हटल्यावर माझ्याकडे आलास का?" तिने विचारलं.

"तुलाच पहिल्यांदा विचारायचं होतं. हिंमत झाली नाही, म्हणून बाकीच्यांना विचारत हिंडलो."

मेरल म्हणते, हे त्याने इतकं हळू म्हटलं की तिला वाटलं याला ताप आलाय. तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, रंग देईन. बोटीवर पाय ठेवणार नाही, ते डोक्यातून काढून टाक.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी चांगलं ऊन पडलं. मी मुद्दाम खुर्ची घेऊन ताडपत्रीच्या फटीपाशी बसले, असा तमाशा रोज मिळत नाही. मेरलने डब्यावरचं सूचनापत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. लिंडसेने आयुष्यात असलं पत्र वाचलेलं नाही. तिने रोलर घेतला, त्याने ब्रश. पहिली दहा मिनिटं सुरेख गेली. मग सवय उफाळून आली आणि तो गरजला, "डावीकडे! अगं डावीकडे राहिलं—"

मेरलने रोलर ट्रेमध्ये ठेवला. हाताची घडी घातली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. बुडावर रंगाची ओली कडा हळूहळू सुकायला लागलेली. थांबायचं नाही असं पत्रात ठळक लिहिलेलं. लिंडसेने कडेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा कडेकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मी खुर्चीच्या अगदी टोकाशी सरकलेली.

"डावीकडे थोडं राहिलंय," तो म्हणाला. साध्या आवाजात, माणसासारखा.

"दिसलंय मला," मेरल म्हणाली आणि रोलर उचलला.

त्यानंतर आणखी एकदा झालं, पण तेव्हा त्याने तोंड उघडून पुन्हा मिटलं. शेवटच्या अर्ध्या तासात तर तीच सांगत होती, ब्रश इतका दाबू नकोस, खालून वर ओढ, इथे ओघळ आलाय. तो करत होता. दोन तास पाच मिनिटांत बूड पुरं झालं, आणि ते इतकं गुळगुळीत होतं की मला हात लावायचा मोह झाला. मेरलने माझ्या मनगटावर चापटी मारली.

बोट पाण्यात उतरली तेव्हा मेरल धक्क्यावर होती, हातात तेच सूचनापत्र. तिने त्याला वाचून दाखवलं. हा रंग शेवाळाला मारत नाही, नुसता घसरू देतो. बोट चालली तरच बूड स्वच्छ राहतं. आठवड्यातून एकदा तरी न्यायलाच पाहिजे, बांधून ठेवली तर महिन्यात केसाळ होईल.

"नेईन की," लिंडसे म्हणाला. "शर्यतीत नाही जमलं तर अशीच एकटा नेईन. विकेपर्यंत."

शेवटचे दोन शब्द त्याने मुद्दाम म्हटले असं नाही. तो डावपेच करणारा माणूस नाही, म्हणून तर त्याला फळ्या टांगाव्या लागल्या. पण मेरलचा चेहरा बदलला. तिला विकण्याचं माहीतच नव्हतं. नऊ वर्षं घरात बोटीबद्दल बोलणंच नाही, मग कळणार कुठून? तिने पत्राची घडी घातली.

"एक शर्यत," ती म्हणाली. "हंगामातली पहिली. ओरडलास तर उतरेन, आणि मग खुशाल विक."

ऑक्टोबरातली पहिली शर्यत. दक्षिणेकडून हलका वारा, पाणी सपाट, धक्क्यावर अख्खा गाव. कुणी कबूल करणार नाही, पण निम्मे लोक मेरल पुन्हा थर्मास घेऊन उतरते का ते बघायला आले होते. बचावाची बोट चालवणाऱ्याला मी सांगून ठेवलं होतं, जवळपास राहा. मी माझ्या खोलीत, हातात भोंग्याची दोरी.

शर्यतीत लिंडसेचं एकच कौतुक व्हायचं, ते सुरुवातीचं. माझी खोली आणि समोरचा बोया यांच्यामध्ये एक रेघ कल्पायची. भोंगा वाजायच्या आत जो ती ओलांडेल त्याने मागे फिरून सगळ्यांनंतर पुन्हा यायचं. बाकीचे घाबरून लांब राहतात. लिंडसे मात्र भोंग्याला अर्धं मिनिट असताना शिडं सैल सोडायचा, बोट आपल्या वेगाने घसरत यायची आणि रेघेच्या हातभर अलीकडे येऊन थांबायची. शिडं सोडल्यावर 'क्वोल' किती फूट घसरते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. चाळीस वर्षांचा हिशोब.

तो हिशोब खडबडीत बुडाचा होता. मासे तोलायच्या काट्याने दोन्ही रंग सारखे दाखवले, पण ती हातभर फळी, ही अठ्ठावीस फुटांची बोट. त्याने नेहमीच्या जागी शिडं सोडली. 'क्वोल' घसरत आली, आणि घसरतच राहिली. मी बघतेय, आता थांबेल, आता थांबेल. नऊ सेकंद बाकी असताना तिचं टोक रेघेवर आलं, पाच असताना अर्धी बोट पलीकडे, आणि मी भोंगा वाजवला तेव्हा ती अख्खी पलीकडे गेलेली, अगदी माझ्या खिडकीसमोर.

नियम म्हणजे नियम. मी दुसरा भोंगा दिला आणि परत फिरायचा झेंडा चढवला.  बाकीच्या बोटी पुढे निघून गेल्या, आणि त्या सपाट पाण्यावर एक बोट, दोन म्हातारी माणसं आणि धक्क्यावर शंभर लोक. पुढच्या शिडाची दोरी मेरलच्या हातात होती. तिने ती जरा लवकर ओढली होती; वारा हलका, त्याने काही बिघडलं नव्हतं, पण ओरडायला तेवढं निमित्त पुरतं. लिंडसेचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या. मेरलने डोकं वळवलं नाही. तिचा एक हात थर्मासवर गेला.

"चुकलं माझं," लिंडसे म्हणाला.

मोठ्याने नाही म्हणाला, पण पाण्यावरून आवाज कुठल्या कुठे जातो. धक्क्यावर सगळ्यांनी ऐकलं. आणि आपण ऐकलं ते फक्त रेघेबद्दल नव्हतं हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मग तो पुन्हा म्हणाला, "माझंच चुकलं, मेरल. तुझं काही नाही. तेव्हाही नव्हतं."

मेरल थर्मासवर हात ठेवून तशीच बसली. 'क्वोल' वाऱ्यात तोंड करून नुसती डुलत होती. मग तिने थर्मास सरकवून पायांमध्ये ठेवला आणि दोरी दोन्ही हातांनी धरली.

"कळलं," ती म्हणाली. "आता फिरव, का इथेच राहायचंय?"

ती बोट शेवटून तिसरी आली. आयव्हर जिंकला, तो नेहमीच जिंकतो. धक्क्यावर कुणी लिंडसेच्या जवळ गेलं नाही, माणसं काही वेळा शहाण्यासारखी वागतात. मेरल सरळ माझ्या खोलीत आली, केस विस्कटलेले, नाक लाल. भिंतीवर हंगामाचा तक्ता होता, पंचवीस बुधवार, प्रत्येक बोटीपुढे सोबत्याच्या नावाची जागा. माझ्या कानामागचं पेन तिने न विचारता काढून घेतलं आणि 'क्वोल'समोर स्वतःचं नाव लिहायला सुरुवात केली. सावकाश, पूर्ण नाव, एकेका चौकोनात. मार्चपर्यंत.

लिंडसे दाराबाहेर उभा होता, दोघांची बचाव-जाकिटं छातीशी धरून. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. ती कितव्या चौकोनात आहे हे तो ओठांनी मोजत होता. सातव्या-आठव्याला त्याचे ओठ हलायचे थांबले आणि त्याने जाकिटांत तोंड खुपसलं.  मी नुसतं दार ढकलून त्याच्यासाठी मोकळं करून ठेवलं.